मनगटावरचा बँड की ईसीजीचं घड्याळ?

मागच्या व्याख्यानानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा होता: आईवडिलांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचंय, तर शाओमीसारखा दोन-तीन हजारांचा बँड पुरेल, की अ‍ॅपल वॉच घ्यावं? आज आपण त्याचंच उत्तर शोधू.

आधी दोन्हींत सारखं काय आहे ते बघा. दोन्ही उपकरणं त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतात. रक्त तो प्रकाश शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातलं रक्त कमी-जास्त होत असल्यामुळे परत येणारा प्रकाशही बदलतो. त्यावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असेल तर महागडं घड्याळसुद्धा चुकतं. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी दोन्ही बऱ्यापैकी बरोबर दाखवतात. कॅलरींचं मात्र विचारू नका. 2017 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात उपकरणं तपासली, तेव्हा त्यांतल्या सर्वांत अचूक उपकरणाचा कॅलरींचा आकडासुद्धा सरासरी 27 टक्क्यांनी चुकत होता. आणि रोजची ती दहा हजार पावलं? तो आकडा 1960च्या दशकातल्या एका जपानी पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलाय, वैद्यकशास्त्रातून नव्हे.

खरा फरक ईसीजीचा आहे. घड्याळाच्या बाजूच्या बटणावर दुसऱ्या हाताचं बोट 30 सेकंद ठेवलं की दोन हातांमधून विद्युतमंडल पूर्ण होतं आणि हृदयाचा आलेख मिळतो. दवाखान्यात बारा लीड्सचा आलेख काढतात, हा एकाच लीडचा. त्यामुळे हार्ट अटॅक यातून कळत नाही, कंपनी स्वतःच तसं सांगते. छातीत दुखत असेल तर घड्याळाकडे बघत बसू नका, रुग्णालय गाठा. हे घड्याळ शोधतं ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं अनियमित थरथरणं. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि पुष्कळ जणांना त्याचा पत्ताही नसतो.

मग सगळ्यांनीच घ्यावं का? 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत चार लाखांहून अधिक लोक होते. अनियमित नाडीची सूचना आली फक्त 0.52 टक्के लोकांना. पण 65 आणि त्यापुढच्या वयात हे प्रमाण 3 टक्क्यांहून थोडं जास्त होतं, चाळिशीच्या आतल्यांत 0.16. म्हणजे तिशीतल्या निरोगी माणसाने या सोयीसाठी एवढे पैसे का मोजावेत, हे आपल्याला तरी समजत नाही. सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर पॅच लावून तो परत पाठवला, त्यांतल्या 34 टक्के लोकांत हा विकार दिसला. उरलेल्यांची सूचना खोटीच होती असं मात्र नाही. हा त्रास येतो-जातो, आणि पॅच लागला तो काही दिवसांनी.

घेताना एक लक्षात ठेवा. ‘एसई’ हे स्वस्त मॉडेल घेऊन आलात तर त्यात ईसीजी नाही. शिवाय घड्याळाला आयफोन लागतो आणि ते जवळपास रोज चार्ज करावं लागतं. बँड बरेच दिवस चालतो. ज्या आजोबांना रोज चार्जिंग जमणार नाही, त्यांचं घड्याळ आठवडाभरात कपाटात जाईल. त्यांना बँड द्या, आणि वाचलेल्या पैशांत दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र आणा.

राहता राहिली ती सुई न टोचता साखर सांगणारी स्वस्त घड्याळं. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट केलं, की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. त्या आकड्यावर इन्शुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतू शकतं. घरात असं घड्याळ आलेलं असेल तर त्याचा वेळ बघायला उपयोग करा, साखर ग्लुकोमीटरवरच तपासा.