दर्या आणि दऱ्या

मार्वेहून फेरीबोटीने मनोरीला उतरलं की होड्यांवरची नावं वाचत चालायचं, ही माझी जुनी सवय. ती रंगवणाऱ्याच्या हाताला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक कधी अडला नाही. संगणकाला मात्र तो शिकवावा लागला, आणि शिकवणारे बहुतेक बिनपगारी होते.

२००० च्या सुमारास मुंबईत, लिनक्स भारतीय भाषांत आणू पाहणाऱ्या ‘इंडलिनक्स’चं काम उभं राहत होतं. व्हीजेटीआयमधल्या प्रा. जितेंद्र शहा यांच्या ‘इंडिक्ट्रान्स’ गटाने ‘गार्गी’ हा मुक्त फॉण्ट दिला. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये रेड हॅटचे ‘लोहित’ फॉण्ट खुले झाले. त्या दिवसांत ‘फाइल’ म्हणायचं की ‘धारिका’ यावर आम्हा भाषांतर करणाऱ्यांच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. त्या वाया गेल्या असं मला आजही वाटतं, कारण पडद्यावर ‘किनाऱ्यावर’ हा साधा शब्दसुद्धा धड उमटत नव्हता.

खरं तर संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात ‘दऱ्या’तल्या ‘ऱ्य’ची सोय होती. द्राविडी उच्चारासाठी ठेवलेल्या ‘ऱ’चं अर्धं रूप म्हणजेच आपला आडवा, पापणीसारखा र, अशी नोंदही तिथे आहे. पण फॉण्टमध्ये ते रूप काढायला हवं आणि अक्षरं जुळवणाऱ्या प्रणालीने त्याचा रफार करून डोक्यावर चढवायला नको. ही दोन कामं दोन वेगळ्या गटांची.

मी एका प्रकल्पाला कळवलं, ‘मराठी नीट दिसत नाही.’ महिनोन्महिने काही हललं नाही आणि मला राग आला. पलीकडचा माणूस नोकरी सांभाळून रात्री तासभर बसतो आणि त्याला देवनागरी वाचताच येत नाही, हे उशिरा ध्यानात आलं. मग मी एकच शब्द पाठवला. कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, काय उमटलं, काय उमटायला हवं होतं, सोबत हाताने लिहिलेल्या अक्षराचा फोटो. आठवड्यात दुरुस्ती झाली.

‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. तरी अनेक जण अजून ‘अ’वर चंद्र देतात आणि शोधताना ते दोन वेगळे शब्द ठरतात. ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं तर कितीतरी फॉण्टांत आजही नाहीत.

गेल्या वर्षी मनोरीच्याच एका कॉलेजच्या मुलीने काम मागितलं. मी तिला अख्खा फॉण्ट दिला नाही, फक्त ‘श’ दिला. रविवारी संध्याकाळी तिने तो पुरा करून पाठवला आणि विचारलं, ‘ल कुणी घेतलाय का?’