कोठार एक कीं घरें अनेक?

ता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं रात्रीं नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप एकाएकीं मुकें झालें, हें पुष्कळ वाचकांस स्मरत असेल. देखभाल करतांना दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनें फेसबुक कंपनीचे संगणक जगापासून तुटले, आणि सुमारें सहा तास कोट्यवधि लोकांचे निरोप खोळंबले. येथें नागपुरांत महालांतून धरमपेठेंत निरोप जाईना. इतकेंच काय, माजघरांतून ओसरीवरहि जाईना! यंत्रें हातभर अंतरावर असलीं तरी निरोपाचा मार्ग त्या दूरच्या संगणकांतूनच होता.

हिला मध्यवर्ती सर्व्हरची पद्धति म्हणतात. सर्व माल एका कोठारांत, व किल्ली कोठारवाल्यापाशीं. हिची सोय मोठी आहे: वस्तु चटकन सांपडते, व्यवस्था एकाकडे असते, आणि चूक झाल्यास जाब कोणास विचारावा हें ठाऊक असतें. परंतु मागणारे वाढले कीं दारांत गर्दी होते, आणि दार मिटलें कीं सारेच उपाशी.

दुसरी पद्धति 'पीअर-टु-पीअर', म्हणजे बरोबरीच्या घरांची आपसांतील देवघेव. १९९९ सालीं निघालेल्या नॅप्स्टरनें ती लोकप्रिय केली. गाणीं लोकांच्या घरच्या संगणकांवर असत. परंतु कोणतें गाणें कोणाकडे आहे, ही यादी मात्र कंपनीजवळ होती. स्वामित्वहक्काच्या खटल्यांत न्यायालयाचा हुकूम झाला, आणि २००१ च्या जुलैंत ती देवघेव बंद पडली. घरें अनेक असूनहि यादी एक होती, म्हणून हें झालें. त्याच वर्षीं ब्रॅम कोहेन यांनीं बिटटॉरेंट योजिलें. यांत फाईलीचे लहान लहान तुकडे करतात. ते निरनिराळ्या घरांतून येतात, आणि घेणारा घेतां घेतांच मिळालेले तुकडे इतरांस देऊं लागतो. म्हणून येथें मागणारे वाढले कीं देणारेहि वाढतात.

अनेक घरांत ठेवलेली वस्तु कशी टिकते, याचें उदाहरण आपल्या वऱ्हाडांतच आहे. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत रिद्धपूर येथें चक्रधरस्वामींच्या लीळा संग्रहित केल्या. पुढें परचक्राच्या धाडींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें महानुभाव परंपरा सांगते; परंतु शिष्यांच्या मुखीं असलेल्या लीळांवरून 'लीळाचरित्र' पुन्हा उभें राहिलें. मात्र पाठभेद झाले, आणि नागपूरचे डॉ. वि. भि. कोलते यांस अनेक पोथ्या ताडून १९७८ सालीं आपली आवृत्ति सिद्ध करावी लागली.

मग परक्या घरून आलेला तुकडा अस्सल कशावरून मानावा? याचा विचार आपल्या पूर्वजांनीं केला होता. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणींत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचा आरंभ, ऋचांची संख्या, ऋषि, देवता व छंद नोंदलेले आहेत. एक ऋचा गळाली तरी संख्येवरून तें कळतें. टॉरेंटच्या पत्रकांतहि प्रत्येक तुकड्याची गणितानें काढलेली मुद्रा असते. एक अक्षर बदललें तरी मुद्रा जुळत नाहीं, व तो तुकडा टाकून दिला जातो.

परंतु या पद्धतीचा सारा भार देणाऱ्याच्या वृत्तीवर आहे. पूर्ण प्रत राखून इतरांस देत राहणाऱ्यास तेथें 'सीडर', म्हणजे बीज राखणारा, म्हणतात. नुसतें घेऊन जाणाऱ्यास 'लीचर', म्हणजे जळू! शेवटचें बीज गेलें कीं फाईलहि गेली. शिवाय कोणी हटकीत नाहीं म्हणून परक्याचें धन वांटणें हें औदार्य नव्हे. ग्रंथकाराच्या निधनानंतर ६० वर्षें त्याचा हक्क आपला कायदा मानतो, तो आपणहि मानिला पाहिजे.

आमच्या घरच्या कुलवृत्ताचीं छायाचित्रित पानें आम्हीं एका संकेतस्थळावर ठेविलीं होतीं, आणि मूळ वहीकडे दुर्लक्ष झाल्यानें तिला वाळवी लागली. पुढें तें संकेतस्थळहि मिटलें. पुण्याच्या चुलतबंधूंनीं तीं पानें नुसतीं न पाहतां उतरून घेतलीं होतीं, म्हणून चार पिढ्यांचीं नांवें आज उरलीं. तेव्हांपासून त्या पानांच्या प्रती आम्हीं तीन घरीं ठेविल्या आहेत, आणि दर दिवाळीस त्या ताडून पाहतों. वाचकांनींहि आपल्या घरच्या कागदांविषयीं येत्या सणास एवढें करावें. कोठाराची सोय जरूर घ्यावी. बीज मात्र आपल्या घरीं राखावें.