‘आज पुरे’ म्हणणारा प्रशिक्षक

बंगळूरच्या जे. पी. नगरात मुलीला क्रिकेट शिकवायचे ठरवले, तर कुठे पाठवायचे एवढाच प्रश्न उरतो. बॅडमिंटनचेही तसेच. पण शाळेच्या सॉफ्टबॉल संघात तिची निवड झाली, क्रीडाशिक्षकांनी तिचा लांब हात बघून तिला पिचर केले, आणि ‘बाहेर कुठे शिकवणी मिळाली तर बघा’ असा निरोप घरी आला, की आईवडील गोंधळतात. जन्मभर क्रिकेट पाहिलेल्या माणसालाही या खेळातली गोलंदाजी चांगली कशाला म्हणायची हे ठाऊक नसते. मग शोध दोनच प्रश्नांवर येऊन थांबतो: घराजवळ कोण आहे, आणि त्याने किती पदके मिळवली आहेत. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. पिचिंगमध्ये मुलीच्या शरीराकडून काय मागितले जाते हे आधी कळले, तर खेळ न खेळलेल्या पालकालाही शिक्षकाची पारख करता येते. आणि ती पारख करताना तो मुलीला किती चेंडू टाकायला लावतो यापेक्षा कधी थांबवतो हे जास्त बोलके असते.

सगळ्या घोळाचे मूळ ‘अंडरआर्म’ या शब्दात आहे. आपल्याकडे हा शब्द ऐकला की गल्लीतले, लहान भावंडाला खेळायला घेण्यासाठीचे क्रिकेट आठवते. नाहीतर १९८१ साली मेलबर्नला ट्रेव्हर चॅपेलने न्यूझीलंडविरुद्ध सरपटत टाकलेला तो बदनाम चेंडू. म्हणजे अंडरआर्म म्हटले की काहीतरी सोपे, निरुपद्रवी, थोडे पोरकट. सॉफ्टबॉल या नावानेही तोच समज पक्का होतो. प्रत्यक्षात त्या चेंडूत ‘सॉफ्ट’ काही उरलेले नाही. त्याचा परीघ साधारण ३०.५ सेंटिमीटर आणि वजन १८० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान असते. महिला क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा. एवढा जड आणि मोठा चेंडू, ज्याच्याभोवती दहा वर्षांच्या मुलीची बोटे धड पोहोचत नाहीत, तो विंडमिल पद्धतीत खांद्यावरून पूर्ण वर्तुळ फिरवून कमरेजवळून सोडायचा असतो. पिचर पायाने जमीन ढकलून पुढे झेपावते, त्या झेपेत अंग आडवे वळते, पुढचे पाऊल टेकून शरीर थबकते आणि थबकलेल्या शरीराचा वेग हातात उतरतो. महिलांच्या खेळात पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. झेप वजा केली तर ताशी ९५ किलोमीटरचा चेंडू साधारण ०.४३ सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. क्रिकेटमधला ताशी १४० किलोमीटरचा चेंडूही, टप्प्यावर कमी होणारा वेग सोडून दिला तर, जवळपास तेवढाच वेळ घेतो.

हाताची ही हालचाल नैसर्गिक आहे, म्हणून तिने खांदा दुखत नाही, असे सॉफ्टबॉलच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. एकच पिचर सगळी स्पर्धा ओढू शकते, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. अमेरिकेत १९८९ च्या महाविद्यालयीन स्पर्धेतल्या आघाडीच्या संघांतील २४ पिचर मुलींची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या २० जणींनी मिळून २६ दुखापती सांगितल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा खांदा-हाताच्या होत्या. पुढे वेगवान कॅमेरे लावून मोजमाप झाले. चेंडू सुटण्याच्या सुमारास हात खांद्याच्या सांध्यातून बाहेर ओढला जात असतो आणि ती ओढ शरीराच्या वजनाच्या आसपास जाते. १९९६ च्या ऑलिंपिकमधल्या पिचरांमध्ये ती वजनाच्या सुमारे ८० टक्के भरली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शालेय वयाच्या मुलींमध्ये ती ९० टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे चाळीस किलोच्या मुलीच्या खांद्याला दर चेंडूमागे छत्तीस-सदतीस किलोंचा हिसका. दंडाच्या पुढचा स्नायू, ज्याला मुले ‘बायसेप्स’ म्हणून फुगवून दाखवतात, तो वरून फेकण्यापेक्षा विंडमिलमध्ये जास्त राबतो हेही पुढे मोजले गेले. म्हणून या खेळातले पहिले दुखणे बहुधा खांद्याच्या पुढच्या बाजूला उमटते, आणि ‘जरा अंग आखडलंय’ म्हणून ते झटकले जाते.

हे कळल्यावर शिक्षकाकडे बघण्याची नजर बदलते. सरावाच्या मैदानावर अर्धा तास उभे राहा. कोणी चेंडू मोजते आहे का? वहीत, फोनवर, गोट्यांनी, कशानेही. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांनी पालकांसाठी केलेल्या शिफारशींनुसार दहा ते बारा वर्षांच्या मुलीने एका सामन्यात ६५ आणि दिवसभरात ९५ चेंडूंवर थांबावे, आणि लागोपाठ दोन दिवस टाकल्यावर तिसऱ्या दिवशी एकही टाकू नये. तेरा-चौदाव्या वर्षी मर्यादा ८० आणि ११५ पर्यंत जाते. हे आकडे काही वेदवाक्य नाहीत, पण आकडा असणे आणि नसणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथल्या मुलांच्या सामन्यांची संघटना असलेल्या लिटल लीगने २००७ मध्ये चेंडू मोजण्याचा नियम केला तोही फक्त बेसबॉलसाठी. खालून टाकणाऱ्या मुलींचा विचार तेव्हाही झाला नाही. आपल्या आंतरशालेय बाद फेरीच्या स्पर्धांत तर दोन-तीन दिवसांत सगळे उरकायचे असते, आणि संघात पिचर एकच असते. तिला सकाळी एक सामना, दुपारी दुसरा. अशा वेळी स्वतःहून दुसरी मुलगी तयार करणारा, पहिलीला तिसऱ्या डावात बाहेर घेऊन हरायचीही तयारी ठेवणारा शिक्षक सापडला, तर त्याच्या भिंतीवर पदक नसले तरी चालेल.

यावर लगेच युकिको उएनोचे नाव पुढे केले जाईल. बीजिंग ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २००८ मध्ये या जपानी पिचरने दोन दिवसांत तीन सामन्यांत ४१३ चेंडू टाकले, अमेरिकेला हरवून सुवर्णपदक आणले, आणि पुढे टोकियोत वयाच्या ३९ व्या वर्षी पुन्हा आणले. पण बीजिंगच्या वेळी उएनो २६ वर्षांची होती. हाडे वाढून थांबलेली, वर्षानुवर्षांच्या सरावाने घडलेली, आणि ते दोन दिवस तिच्या आयुष्यातले अपवाद होते. अकरा वर्षांच्या मुलीला तिचे उदाहरण देऊन रोज दीडशे चेंडू टाकायला लावणे म्हणजे एव्हरेस्टवर चढणाऱ्याचा दाखला देऊन पहिलीतल्या पोराला सिंहगडावर रोज दोनदा पिटाळणे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हजारो वेळा टाकल्याशिवाय हात बसत नाही, मग थांबायचे तरी कसे? हात बसायला आवृत्ती लागते हे खरेच. पण प्रत्येक आवृत्ती पूर्ण वेगाची लागत नाही. पाच पावलांवरून भिंतीवर टाकणे, गुडघ्यावर बसून फक्त शेवटचा अर्धा फेरा, चेंडूऐवजी मोजे गुंडाळून आरशासमोर झेप, असे कितीतरी सराव खांद्याला न ताणता होतात. चांगल्या शिक्षकाच्या तासात पूर्ण वेगाचे चेंडू थोडे असतात आणि पायांचे काम खूप. तास संपताना मुलीचा दंड नाही, मांड्या भरून आलेल्या असाव्यात.

आता हात कसा फिरवायचा, यावर जाणकारांचेच एकमत नाही, आणि हे पालकांना कोणी सांगत नाही. जुनी शिकवण अशी, की हात वर गेल्यावर तळवा मागे सेकंड बेसकडे करायचा, चेंडू सोडताना मनगटाला झटका द्यायचा आणि शेवटी कोपर वर उचलून चेहऱ्यासमोर आणायचे. अमेरिकेत या शेवटाला थट्टेने ‘हॅलो एल्बो’ म्हणतात. अव्वल पिचरांचे संथ चित्रण बघितले तर मात्र वेगळे दिसते: खाली येताना दंड बरगडीच्या कडेला घासतो, तिथे क्षणभर अडतो, आणि कोपरापुढचा हात आतल्या बाजूला वळत चेंडू सुटतो. कोपर त्यानंतर आपसूक कुठेही जाते. गंमत अशी की ‘कोपर वर’ शिकवणाऱ्या कित्येक खेळाडू स्वतः टाकताना तसे टाकत नाहीत. तोंडाने सांगतात ते हात ऐकत नाही. यात कोणाचे बरोबर हे ठरवायला पालकाने पंडित व्हायची गरज नाही. मुलगी उजव्या हाताने टाकत असेल तर थर्ड बेसच्या बाजूला उभे राहून फोनवर स्लो मोशनमध्ये तिचे पाच चेंडू टिपा आणि शिक्षकाला दाखवून विचारा, ‘सर, इथे हात असा का?’ कारण सांगणारा, स्वतः करून दाखवणारा, ‘हे मलाही बघायला हवं’ म्हणणारा माणूस कामाचा. ‘आम्ही वीस वर्षं असंच शिकवतोय’ हे उत्तर आले, तर त्या वीस वर्षांत किती खांदे गेले हेही विचारता येईल, पण ते मनातल्या मनात.

प्रत्यक्ष शोधायचे कुठे? क्रिकेटचा प्रशिक्षक जवळ असतो आणि भलाही असतो, पण त्याला कोपर सरळ ठेवायची सवय. विंडमिलमध्ये कोपराला किंचित लवचीक वाक हवा आणि वर्तुळ वेगळ्याच लयीत पुरे होते. बेसबॉलवाला वरून फेकतो, त्यामुळे झेलणे-फेकणे-बेस पळणे उत्तम शिकवेल, पिचिंग नाही. फलकावर ‘एन.आय.एस.’ ही प्रशिक्षकाची पदविका लिहिलेली असेल तर ती कोणत्या खेळात, हा प्रश्न अवश्य विचारावा. विचारल्याने कोणाचा मान जात नाही. सॉफ्टबॉल आपल्या देशात अकादम्यांमध्ये नाही, शाळा-कॉलेजांच्या क्रीडा विभागांत आणि संघटनांच्या निवड चाचण्यांत जगतो. म्हणून विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेली एखादी माजी पिचर, आता कदाचित नोकरी करणारी, हा खरा शोध. शाळेतल्याच क्रीडाशिक्षकांना विचारले तर बहुधा दोन-तीन नावे त्यांच्या ओठावर असतात. आणि मराठी घराला आणखी एक वाट आहे. महाराष्ट्रात जळगाव, अमरावती, पुणे अशा जिल्ह्यांत हा खेळ वर्षानुवर्षे रुजला आहे. सुटीत मूल आजोळी जातेच. तिथल्या मैदानावर पंधरा दिवस जाणत्या डोळ्यांखाली काढले आणि उरलेले वर्ष जे. पी. नगरात ते सांभाळले, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला आठवड्यातून तीनदा वाहतुकीत अडकत जाण्यापेक्षा ते सरस ठरेल. चुका रोज दुरुस्त होत नाहीत, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दुरुस्त झाल्या तरी पुरते.

शिक्षक पुरुष असेल तर एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी. पिचिंग कमरेतून होते, आणि कमर कशी वळवायची हे हात न लावता, करून दाखवून किंवा जमिनीवर खडूने रेघ ओढून शिकवता येते. पालकांना फाटकाबाहेर थांबवणारी जागा, ती कितीही नामांकित असो, नको.

‘एवढे करून पुढे काय?’ हा प्रश्न घरातले ज्येष्ठ विचारतातच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतो आहे, महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, हे खरे. तरी या आमिषांवर शिक्षक निवडू नये असे मला वाटते, कारण प्रमाणपत्राच्या घाईतूनच एका मोसमात सगळे सामने एका खांद्यावर काढले जातात. मुलीला चेंडू फिरवायला आवडतो, एवढे कारण बाराव्या वर्षी पुरेसे आहे.

राहता राहिली जागा आणि झेलणारे माणूस. पिचिंगला बेसबॉलसारखा उंचवटा लागत नाही, सपाट जमीन चालते. वीस मीटर लांबीची मातीची पट्टी मिळाली की झाले. पार्किंगच्या काँक्रीटवर मात्र नको, मागचा पाय घासतो त्याचे बूट आणि घोटा दोन्ही जातात. झेलायला बहुतेक घरांत आई किंवा बाबाच बसतात. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली पालथी घालून तिच्यावर बसावे, गुडघे वाचतात. हातात ग्लोव्ह, आणि चेंडू कितीही हळू येत असला तरी तोंडावर मास्क. खिशात साठ चिंचोके ठेवावेत. प्रत्येक चेंडूला एक चिंचोका दुसऱ्या खिशात जातो. पहिला खिसा रिकामा झाला की बादली उचलायची.