कागदावरून मातीवर

सासरे ओटीवर पेपर उघडून बसले होते. अर्धा पेपर मांडीवर, अर्धा जमिनीवर. चिंगी आली, जमिनीवरच्या पानाचा वास घेतला, एक गिरकी मारली आणि पानाच्या बरोबर मधोमध बसून मोकळी झाली. तिला किन्हवलीत येऊन जेमतेम दोन तास झाले होते. सासरे पेपर उचलत नुसतं म्हणाले, "आजचा होता गं." सासूबाई आतून आल्या. त्यांनी एकदा पेपरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "कुत्रं उंबऱ्याभाईर बरं, सांगितलं होतं तुला."

आमच्या गावात, म्हणजे शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या या पट्ट्यात, कुत्रं घरोघरी असतं. पण ते अंगणातलं. वाघ्या, मोती, काळ्या. त्याला कुठं बसावं हे कुणी शिकवत नाही, कारण बांध, माळ, ओढा सगळा त्याचाच. उंबरठा मात्र त्याचा नाही, आणि ही वाटणी दोन्ही बाजूंना मान्य असते. चिंगीचं तसं नव्हतं. कल्याणला नणंदेच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर जन्मलेली, दोन महिन्यांची, मुठीएवढी पांढरी पोर. गावात सगळे तिला 'पामेलियन' म्हणतात. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीनं ही जात घरोघरी पोचवली. खरं तर ही पॉमेरेनियन नव्हे, इंडियन स्पिट्झ. ब्रिटिश काळात आलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथे घडलेली. दिसायला पॉमेरेनियनची चुलत बहीण, उन्हाला मात्र जास्त काटक.

पेपरवरच का बसली, हे मला दोन दिवसांनी उमगलं. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की झोपायच्या जागेपासून लांब जाऊन विधी करू लागतं. त्या काळात पायाखाली जे लागतं, त्याचीच त्याला सवय जडते, आणि आठ-नऊ आठवड्यांपर्यंत ती बरीच पक्की होते. गवतावर वाढलेलं पिल्लू गवत शोधतं, फरशीवर वाढलेलं फरशी. चिंगी वाढली होती फ्लॅटच्या बाल्कनीत, रद्दीवर. म्हणजे ती चुकत नव्हती. तिला जे शिकवलं गेलं होतं, तेच ती इमानानं करत होती. मागीलदारी मातीत सोडली की ती वीस मिनिटं मुंग्या हुंगायची, शेवग्याच्या शेंगेशी खेळायची, आणि घरात परत आल्या आल्या कागद शोधायची. कागद नसला तर सपाट, गार, कागदासारखी लागणारी गोष्ट म्हणजे नव्या खोलीतली फरशी.

मग ठरलं की तिला मातीवर आणायचं, पण कागदाच्या वाटेनं. तिनं ओला केलेला पेपरचा तुकडा मी मागीलदारी शेवग्याखाली नेऊन अंथरला आणि उडू नये म्हणून चार दगड ठेवले. कागद ओळखीचा, वास तिचाच. दुसऱ्या दिवशी ती त्यावर बसली. मग कागदावर मूठभर माती भुरभुरली. दर दोन-तीन दिवसांनी कागद अर्धा करायचा, माती वाढवायची. कागद पोस्टकार्डाएवढा उरला तेव्हाही ती नेमकी त्याच्यावरच बसायला बघायची, मागचे पाय मातीत आणि पुढचे कागदावर. सोळाव्या दिवशी मी कागद ठेवायलाच विसरले. ती आली, हुंगली, गोल फिरली आणि मातीवर बसली. माझ्याच लक्षात आलं नाही. सासऱ्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं.

जागा शिकवणं अर्धं काम. उरलेलं अर्धं वेळेचं. पिल्लाला धरून ठेवता येत नाही. ढोबळ हिशेब असा, की वयाचे जेवढे महिने त्यात एक मिळवायचा, तेवढे तास, आणि तेसुद्धा जास्तीत जास्त. दोन महिन्यांच्या चिंगीला तीन तास म्हणजे परीक्षाच. त्यातही चार वेळा ठरलेल्या: झोपून उठली की, खेळ थांबला की, पाणी प्यायली की आणि खाल्लं की. पोटात अन्न पडलं की पुढचं आतडं हलायला लागतं, म्हणून जेवणानंतर पाव ते अर्ध्या तासात शी हमखास. खेळता खेळता अचानक नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागली, की हातातलं काम टाकायचं आणि तिला उचलायचं.

हे सगळं मी कालनिर्णयवर लिहायला लागले. दुधाचा हिशेब, सिलेंडर लावल्याची तारीख आणि त्याच चौकोनात 'शू ६:१०, शी ७:४०, घरात १'. आठवड्याभरात चौकोनांतून तिचं घड्याळ दिसायला लागलं. घरातल्या चुका बहुतेक सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळेतल्या होत्या. ती वेळ भाकऱ्यांची. माझे हात पिठात, आणि तिच्याकडे बघायला कुणी नाही. म्हणजे दोष तिच्या पोटाचा नव्हता, आमच्या चुलीचा होता. मग त्या दीड तासात तिला मागच्या पडवीत, कुडाच्या फळीआड, तिच्या गोणपाटावर ठेवायला लागले. कुत्रं स्वतःच्या झोपायच्या जागी सहसा घाण करत नाही. जागा लहान असली तर ते धरून ठेवतं आणि बाहेर काढा म्हणून कुईकुई करतं. मोठी असली तर एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसरा वापरतं.

तान्ह्या मुलाला पायावर धरून आपण 'शूऽऽ' करतो ना, तेच मी केलं. ती बसली की हळू आवाजात 'शू'. झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि डाळ्याचे दोन दाणे. घरात येऊन खाऊ दिला तर तिला वाटतं, खाऊ घरात येण्याचा आहे. कुत्र्याच्या मनात काम आणि फळ यांची गाठ एक-दोन सेकंदांतच बसते. म्हणून डाळं डब्यात ठेवून चालत नाही. ते माझ्या पदराच्या गाठीला असायचं. सासूबाई म्हणायच्या, "लग्नाच्या पंगतीला जाशील तेव्हा तरी गाठ सोड."

सासूबाईंचा उपाय वेगळा होता, आणि तो आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे: तोंड त्यात घासायचं आणि एक चापटी. मी शेतावर गेले असताना त्यांनी तो एकदा केला. संध्याकाळी चिंगी कान पाडून माच्याखाली बसली होती. "बघ, कशी ओशाळली. कळतंय तिला." न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी नेमकं हेच २००९ मध्ये तपासलं होतं. कुत्र्यानं खरंच चूक केली होती का, याच्याशी त्या ओशाळल्या चेहऱ्याचा संबंध निघाला नाही. मालक रागावला की तो चेहरा यायचा, निर्दोष कुत्र्याचाही. चिंगीलाही त्या चापटीतून एवढंच कळलं, की माणसांसमोर शू करणं धोक्याचं. पुढचे चार दिवस ती मागीलदारी माझ्यासमोर बसेना, आणि घरात कणगीमागे जाऊन बसायची. ती कणगीमागची जागा सासूबाईंच्याच पायाला लागली. त्यानंतर त्यांनी हात उचलला नाही. मात्र मान्य केलं असंही नाही.

वास पुसणं हे वेगळंच काम. जिथे एकदा झालं तिथे वास राहतो, आणि तो वासच पुढच्या वेळी तिला बोलावतो. फिनेलनं आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं. तिच्या नाकाला खालचा वास तसाच लागतो. शिवाय ओल्या फरशीवरचं फिनेल तिच्या पंजांना लागतं आणि ती पंजे चाटते. मी फरशी आधी कोरड्या फडक्यानं टिपायची, मग निम्मं पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरनं पुसायची. शेणानं सारवलेल्या पडवीत ते मुरतं; तिथे तेवढा पोपडा खरवडून काढायचा आणि नव्यानं सारवायचं.

यात एक पेच होता. माती शिकवायची, पण लसी पुऱ्या होईपर्यंत कुठल्याही मातीत सोडायचं नाही. पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणारा पार्वो विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतो. म्हणून मागीलदारचा, कुंपणाआतला, गावातली कुत्री येत नाहीत तेवढाच तुकडा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं बूस्टर, तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची, आणि मग दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी एकदा. गुरांच्या दवाखान्यात गाई आणि शेळ्यांच्या रांगेत टोपलीतलं पिल्लू घेऊन उभं राहिलं की लोक हसतात. पण प्रश्न तेच विचारतात जे गाईबद्दल विचारले असते: खाते का, शेण कसं आहे.

एप्रिलपर्यंत कालनिर्णयचे चौकोन जवळजवळ कोरे झाले. आणि मग जून आला. इथला पाऊस आला की दोन-दोन दिवस थांबत नाही. शेवग्याखालच्या मातीचा चिखल झाला. चिंगीनं दारातून एक पाय बाहेर ठेवला, झटकला आणि परत आत. पायाला लागणारी माती बदलली म्हणजे तिच्या लेखी संडासच हरवला. पहिल्याच आठवड्यात घरात पाच चुका. उपाय सासऱ्यांनी काढला. त्यांनी मे महिन्यात भरून ठेवलेल्या कोरड्या मातीतलं घमेलंभर काढून पत्र्याखाली, पडवीच्या टोकाला, पसरलं. तिच्या जुन्या जागेवरची मूठभर माती त्यात मिसळली. आवणं टाकून, भात लावून थकलेली माणसं रात्री त्या मातीतली घाण काढून नवी माती पसरत होती, हे मी कल्याणच्या नणंदेला सांगितलं तर तिला खोटं वाटलं.

पावसाळ्यात बाकीची निगाही वाढते. तिच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत: वर लांब, आत लोकरीसारखे. वरचे सुकले तरी आतले ओलेच राहतात आणि तिथे कातडी लाल होऊन चिघळते. म्हणून बोटं आतपर्यंत घालून टॉवेलनं टिपायचं, मग फणी. उन्हाळ्यातसुद्धा हे केस मुळापासून कापायचे नाहीत. ते उन्हापासून राखतात. अंघोळ महिन्यातून एकदा पुरे. भेक तोंडात धरला की तोंडाला फेस येतो. लगेच पाण्यानं तोंड धुवायचं, पाणी घशात न जाऊ देता. दसऱ्याच्या सुमाराला गवत वाळलं की कुसळं. बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरलेलं कुसळ पुढंच सरकतं, मागे येत नाही. रोज संध्याकाळी चारही पंजे उलटे करून बघायचे.

आणि गोचीड. मानेखाली, कानात, शेपटीच्या मुळाशी. काडीनं भाजायची नाही, रॉकेल लावायचं नाही. चिमट्यानं कातडीला लागून धरायची आणि सरळ ओढायची. एक मादी हजारो अंडी घालते, तीही कुत्र्याच्या अंगावर नव्हे, भिंतीच्या भेगांत. म्हणून कुत्र्यासोबत पडवीच्या भेगाही बुजवाव्या लागतात. गोठ्यातलं गुरांचं गोचिडांचं औषध तिला लावायला शेजारचे एक काका निघाले होते. तीनशे किलोच्या म्हशीचं औषध पाच किलोच्या जिवाला अंदाजानं लावलं, तर गोचीड आणि कुत्रं दोन्ही जातात. डॉक्टरांनी वजनावर लिहून दिलेलंच लावलं.

खाणं साधं: भात, उकडलेलं अंडं किंवा कोंबडी, थोडा भोपळा, कधी दही. आमच्या ताटातलं कालवण नाही, कारण त्यात कांदा-लसूण. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कांद्यानं फुटतात. शिजवलेलं हाड नाही, मनुका-द्राक्षं नाहीत, सुकट नाही. सुकटीचं तिला दुःख आहे. दोन वेळा ठरलेल्या वेळी खाणं, पंधरा मिनिटांनी भांडं उचलायचं. आत जायची वेळ बांधली की बाहेर यायची वेळ आपोआप बांधली जाते.

रात्रीची शेवटची फेरी दहाच्या आत. टॉर्च, काठी, दोन माणसं. सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर, अकोले तालुक्यात, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याचं खाणं तपासलं तेव्हा वजनाच्या हिशेबात ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. आमच्या बाजूलाही बिबट्या ऐकून माहीत नाही असं घर नाही. अंगणात बांधलेलं कुत्रं त्याला सगळ्यांत सोपं. चिंगी उंबऱ्याच्या आत झोपते, हे मी लाडानं मागितलं होतं. सासूबाईंनी ते बिबट्याच्या नावावर मंजूर केलं.

वर्षानं नणंदेच्या मुलाच्या मुंजीला आम्ही सगळे कल्याणला गेलो, चिंगीसकट. सकाळी सहाला निघालेली, दुपारी दोन वाजले तरी ती मोकळी झाली नव्हती. बिल्डिंगखाली सगळे पेव्हर ब्लॉक. ती एकेक हुंगत फाटकापर्यंत गेली आणि परत आली. नणंदेनं चिंगी वाढली ती जुनी बाल्कनी उघडली, आणि पेपर अंथरला. चिंगीनं कागदाचा वास घेतला आणि त्यावर पाय न देता बाजूनं वळसा घालून दारात येऊन बसली. अंग आखडलेलं, नजर माझ्याकडे.

मी खाली बाग शोधायला निघाले होते, तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांनी कठड्यावरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत हात घातला, मूठभर माती काढली आणि पेपरवर पसरली. मग आणखी एक मूठ. नणंद "आई, अगं काय करतेयस!" म्हणत होती. सासूबाईंचं लक्ष नव्हतं. त्या खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शूऽऽ."

चिंगी आली. हुंगली. गोल फिरली.

सासूबाईंनी रेशमी पदराची गाठ सोडली. आत डाळं होतं.