रात्रीचे ताट, सकाळचा चेहरा

सकाळी चेहरा सुजल्यासारखा वाटला, डोळ्यांखाली फुगवटा आला, बोटातली अंगठी घट्ट झाली की बहुतेकांचा पहिला संशय पाण्यावर जातो. अंगात पाणी साचले आहे, तेव्हा पाणी कमी प्या, असा सल्ला घरातूनच मिळतो. त्यानंतर झोपेला दोष दिला जातो, मग वाढत्या वजनाला. ताटाकडे लक्ष जाते ते फार उशिरा, आणि गेले तरी भात-बटाट्यापाशी अडकते. एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या अशा सुजेत आधी तपासावे ते मीठ, आणि तेही वरून घेतलेल्या चिमटीचे नव्हे तर पदार्थांत मुरलेले. जळगाव-धुळ्याच्या घरांबद्दल बोलायचे तर त्यात आणखी एक भर घालावी लागते. भाकरी, डाळ, भरीत, पालेभाजी आणि केळी हा खानदेशी जेवणाचा गाभा सूज उतरवायला मदत करणाराच आहे. बिघाड आहे तो या गाभ्याच्या कडेला वाढल्या जाणाऱ्या आणि हळूहळू ताटाच्या मध्यावर सरकलेल्या पदार्थांत.

मीठ आणि पाणी यांचे नाते समजायला दवाखान्यातली सलाईनची बाटली पुरेशी आहे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, कारण रक्तातला आणि पेशींबाहेरच्या द्रवातला खारटपणा साधारण तेवढाच असतो. शरीर हे प्रमाण फार हटू देत नाही. गरजेपेक्षा तीन ग्रॅम मीठ जास्त पोटात गेले, तर ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडेपर्यंत त्याच्या सोबतीला साधारण एक तृतीयांश लिटर पाणी शरीराला धरून ठेवावे लागते. रोजच्या मिठाशी निरोगी मूत्रपिंडे काही दिवसांत जुळवून घेतात, म्हणून सूज वाढतच जात नाही. पण रोज जास्त मीठ खाणाऱ्याच्या अंगात थोडे जादा पाणी कायम मुक्कामाला राहते, आणि एखाद्या रात्री मिठाचा मोठा डोस गेला की ते चेहऱ्यावर दिसू लागते. चेहऱ्यावरच का, याचे उत्तर झोपण्याच्या स्थितीत आहे. दिवसभर उभे राहताना आणि बसताना द्रव पायांकडे उतरतो. आडवे झाल्यावर तो सगळीकडे सारखा पसरतो. पापण्यांची आणि डोळ्यांभोवतीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, तिच्याखालचा थर सैल, त्यामुळे थोडेसे पाणीही तिथे लगेच उठून दिसते. उठून हिंडू-फिरू लागल्यावर तासा-दोन तासांत चेहरा पूर्ववत होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही ५ ग्रॅमचाच. भारतातले प्रत्यक्ष सेवन राष्ट्रीय पाहणीत सुमारे ८ ग्रॅम आढळले. आता खानदेशातल्या रात्रीच्या जेवणाचा हिशोब मांडून पाहा. अनेक घरांत रात्री तुरीच्या डाळीची खिचडी असते, वरून कच्चे शेंगदाण्याचे तेल, सोबत पापड, लोणचे, ठेचा. खिचडीत मीठ बेताचेच असते. पण उडदाच्या पापडात मीठ असते, शिवाय पापडखार असतो, आणि पापडखार हासुद्धा सोडियमचाच क्षार. चवीला तो मिठासारखा खारट लागत नाही, म्हणून जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. एका पापडातून साधारण अर्धा ग्रॅम मिठाएवढे सोडियम जाते. दोन पापड झाले, लोणच्याची एक मोठी फोड झाली, ठेच्याचा गोळा झाला, की भाताचा घास मोजण्याआधीच दिवसाच्या मर्यादेचा निम्मा वाटा संपलेला असतो. शेवभाजीचे गणित याहून जड आहे. शेव तळतानाच खारट, तिच्या पिठातही बहुधा सोडा पडलेला, आणि ती ज्या काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडायची त्या रश्शाला वेगळे मीठ. एकाच भाजीत मीठ दोनदा पडते. धुळ्याजवळ महामार्गांवरच्या ढाब्यांवर हीच भाजी रात्री अकराला, पापड आणि कदाचित दारूसोबत खाल्ली जाते, आणि माणूस तासाभरात झोपतो. सूज यायला इतके पुरे आहे. दिवाळीच्या फराळातही शेव, चकली, चिवडा हे त्रिकूट याच जातीचे. गोडाधोडाला आपण घाबरतो, पण त्या आठवड्यात चेहरा सुजवण्यात खाऱ्या डब्यांचा हात मोठा असतो. गोडाचा वाटा नाही असेही नाही. पिष्टमय पदार्थ भरपूर खाल्ले की शरीर त्यातले काही ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि एका ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी सोबत ठेवते. शिवाय वाढलेले इन्शुलिन मूत्रपिंडांना सोडियम राखायला लावते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुरणपोळी-आमरसानंतर काट्यावर दिसणारा एखादा किलो बराचसा हाच असतो, चरबी नव्हे.

मीठ कमी करणे ही अर्धी गोष्ट झाली. दुसरी अर्धी म्हणजे पोटॅशियम, आणि इथे खानदेशाने अभिमान बाळगावा अशी स्थिती आहे. पोटॅशियम पुरेसे मिळाले की मूत्रपिंडे सोडियम सढळ हाताने बाहेर टाकतात आणि त्यासोबत पाणीही जाते. अमेरिकेतला डॅश आहाराचा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला: भाज्या, फळे, कमी चरबीचे दूध आणि धान्ये यांनी भरलेल्या आहाराने मीठ न घटवताही रक्तदाब उतरला. २००१ च्या पुढच्या प्रयोगात त्याच आहारात मीठही कमी केले, तेव्हा तो आणखी उतरला. हे प्रयोग रक्तदाबाचे होते, चेहऱ्याचे नव्हते. पण सोडियम आणि पाणी धरून ठेवण्याची जी यंत्रणा रक्तदाबामागे असते तीच या सुजेमागेही असते, म्हणून तो धडा इथेही लागू पडतो. आता जुन्या ताटाकडे पाहा. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले. उडदात पोटॅशियम भरपूर. तुरीच्या शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत ते १३०० मिलिग्रॅमच्या वर असते. वांग्यात ते मध्यम, पण भरीत करताना माणूस वांगी पोटभर खातो, आणि भाजल्याने उकळत्या पाण्यासोबत क्षार वाहून जाण्याचा प्रश्न येत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. मटकी, शेंगदाणे, गिलके, मेथी, चवळीची भाजी ही सगळी याच बाजूची.

केळीबद्दल मात्र एक अतिशयोक्ती दूर करायला हवी. शंभर ग्रॅम केळात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आणि दिवसाची शिफारस साधारण साडेतीन ग्रॅम आहे. नुसत्या केळ्यांवर ती गाठायची तर नऊ-दहा केळी खावी लागतील. केळे हे ताटाच्या जोडीला उत्तम, ताटाच्या जागी नाही. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपड्याच्या बागायतदारांना पोटॅशचे मोल वेगळे समजावण्याची गरज नाही. ठिबकमधून पोटॅश सोडल्याशिवाय घड भरत नाही हे त्यांना पाठ आहे. जे पोटॅशियम क्लोराइड झाडाला खत म्हणून जाते, तोच क्षार, अर्थात खाण्यायोग्य शुद्ध स्वरूपात, बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात घातलेला असतो. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर असे मीठ वापरून पाहिले गेले, ७५ टक्के साधे मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड. २०२१ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटलेले दिसले. मूत्रपिंडे धड असलेल्या प्रौढाने ते वापरायला माझ्या मते हरकत नाही. सैंधवाचे तसे नाही. सैंधव, काळे मीठ, समुद्राचे मीठ ही नावे वेगवेगळी असली तरी प्रत्येकात बहुतांश सोडियम क्लोराइडच असते, आणि उपवासाचे म्हणून सैंधव सढळ हाताने टाकले तर सूज साध्या मिठाइतकीच येते.

यावर खानदेशातला माणूस जो आक्षेप घेईल तो वजनदार आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. घामातून मीठ जाते, ते भरून काढायला नको का? आजी-आजोबा पापड-लोणच्यावर वाढले, त्यांचे चेहरे कुठे सुजले होते? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने थोडे झुकते. उन्हात केळीचे घड कापून वाहणाऱ्या मजुराच्या, कापूस वेचणाऱ्या बाईच्या घामातून दिवसाला कित्येक ग्रॅम मीठ जाऊ शकते. त्यांच्यासाठी मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, भाकरीबरोबरचा ठेचा हे औषधच आहे, आणि त्यांना ‘मीठ तोडा’ सांगणे चूक ठरेल. पूर्वीच्या बहुतेक घरांत असे कष्ट होते, आणि वाळवणाचे पापड, बिबडे, कुरडया डब्यातून मोजून निघत. आज तेच ताट कूलरखाली बसून दुकान सांभाळणाऱ्याच्या, कचेरीत किंवा बँकेत काम करणाऱ्याच्या पुढे येते. घाम गेला, मीठ राहिले. शिवाय पाकिटातला चिवडा, बिस्किटे, पाव आणि सॉस यांची भर पडली. त्यातही उष्णतेला सरावलेले शरीर घामातले मीठ स्वतःच वाचवायला शिकते, म्हणून उन्हाळाभर घराबाहेर न पडणाऱ्याला जास्तीच्या मिठाचा परवाना मिळत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला घोट्यांवर येणारी हलकी सूज मात्र वेगळी. उष्णतेने रक्तवाहिन्या सैल पडून ती येते आणि सवय झाल्यावर ओसरते.

अळणी जेवण कोण जेवणार, हाही प्रश्न खरा आहे. पण जीभ काही आठवड्यांत कमी मिठाला सरावते, आणि खानदेशी स्वयंपाकाकडे त्या काळात हाताशी लागणारी साधने इतर कोणाहून जास्त आहेत: भाजलेला मसाला, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिंच, लिंबू. भाजीतले मीठ तोडण्यापेक्षा आधी काठाचे मीठ तोडावे. पापड रोजचा नको, शेवभाजी रात्रीची नको, आणि तिच्या रश्शात मीठ शेव पडल्यावर चाखून घालावे.

पाणी कमी पिण्याचा सल्ला मात्र पुराव्यावर टिकत नाही. मॉस्कोत मंगळप्रवासाचा सराव म्हणून बंदिस्त ठेवलेल्या पुरुषांचे मीठ मोजून बदलले गेले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. मीठ वाढल्यावर ते दीर्घकाळात जास्त पाणी प्याले नाहीत, उलट मूत्रपिंडांनीच आतून पाणी राखले. म्हणजे तांब्याकडे हात न नेणे हा सुजेवरचा उपाय नाही. पाणी कमी पडले की शरीर ते आणखी घट्ट धरते, आणि खानदेशच्या उन्हात मुतखड्याला आमंत्रण मिळते ते वेगळेच. सल्ल्याशिवाय घेतलेल्या ‘पाणी उतरवणाऱ्या’ गोळ्या तर सोडियमबरोबर पोटॅशियमही घालवतात. सूज त्या दिवशी उतरते, गोळी बंद केली की परत येते. आयुर्वेदात शोथावर पुनर्नवा सांगितली आहे, पण त्याच परंपरेत शोथाच्या पथ्यात मिठावर बंधन आहे हे काढा विकणारे सांगत नाहीत. पथ्य सोडून काढा घेणे ही परंपरा नव्हे.

याच प्रदेशात सुजेचे एक वेगळे आणि फार गंभीर रूप आहे, आणि चेहऱ्याच्या सौंदर्याच्या चर्चेत ते विसरणे मला पटत नाही. १९९८ च्या जुलैत धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुवा पट्ट्यात, आणि धुळ्यातल्या शिरपूर-साक्रीच्या आदिवासी पाड्यांत कुपोषण जुने आहे. दोन्ही पावलांवर बोट दाबल्यावर खड्डा राहणारी सूज असली, तर वजन किंवा दंडाचा घेर काहीही सांगो, ते मूल तीव्र कुपोषित मानले जाते. अशा मुलाचे गाल भरलेले दिसतात, आणि दुरून पाहणाऱ्याला ते गुटगुटीत वाटते. अशा मुलाच्या शरीरात सोडियम वाजवीपेक्षा जास्त आणि पोटॅशियम कमी झालेले असते. म्हणूनच पोषण पुनर्वसन केंद्रातल्या उपचारात मीठ आवरले जाते, पोटॅशियम दिले जाते, हळूहळू प्रथिने आणि ऊर्जा वाढवली जाते, आणि सूज उतरवायच्या गोळ्या कटाक्षाने टाळल्या जातात. शिरपूरच्या पाड्यावरचे मूल आणि जळगावच्या कचेरीतला माणूस यांचे दुखणे वेगळे, पण मीठ-पोटॅशियमचा तराजू दोघांच्याही अंगात तोच आहे.

ताट सुधारून आठ-पंधरा दिवस झाले तरी चेहरा रोज सुजत असेल, तर कारण ताटात नाही असे समजून चालावे. लघवीला फेस येणे, लघवी कमी होणे, सकाळी डोळे आणि संध्याकाळी पाय सुजणे हे मूत्रपिंडाकडे बोट दाखवतात. धाप लागून पाय सुजणे हृदयाकडे. थंडी सोसवत नाही, कातडी कोरडी आणि चेहरा जड, तर थायरॉइडकडे. गरोदर बाईचा चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोके दुखू लागले, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यायला हवा. ओठ-जीभ क्षणात सुजून श्वास अडला तर ती ॲलर्जीची आणीबाणी. सांधेदुखीच्या गोळ्या मीठ अडवतात, काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी घोटे सुजतात, आणि नाव न सांगता दिल्या जाणाऱ्या ‘हमखास गुण’ देणाऱ्या पुड्यांत स्टिरॉइड असले की चेहरा चंद्रासारखा गोल होतो. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांसाठी वरचा सगळा पोटॅशियमचा सल्ला उलटा होतो: केळी, नारळपाणी आणि कमी सोडियमचे मीठ त्यांच्या हृदयाची लय बिघडवू शकतात. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने मीठ बदलण्याआधी लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्यावे. या दोन्ही साध्या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात.