विश्लेषण : ब्राउझरमधून ओळखपत्र दाखवता येते, मग मिळवता का येत नाही?

हॉटेलचे बुकिंग असो वा भाडेकरार, आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळे होण्याची सवय बहुतेकांना लागली आहे. समोरच्याला फक्त वय १८ पूर्ण आहे का, एवढेच हवे असले तरी जन्मतारीख, पत्ता सगळेच त्याच्या हाती जाते. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, पण तिथूनही बहुतेकदा अख्खा दाखलाच जातो. नेमकी हवी तेवढीच माहिती देता यावी, यासाठी ‘डिजिटल क्रेडेन्शियल्स एपीआय’ हे वेब मानक डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत घडते आहे. २०२५ मध्ये क्रोम १४१ आणि सफारी २६ मध्ये ते आलेही.

हे चालते कसे?

वेबसाइट ब्राउझरकडे माहिती मागते. ब्राउझर स्वतःकडे दाखला ठेवत नाही. तो ही मागणी फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवतो. काय मागितले आहे ते वापरकर्त्याला दिसते, त्याने होकार दिला की वॉलेटमधून सही केलेले उत्तर जाते. लॅपटॉपवर काम सुरू असेल तर क्यूआर स्कॅन करायचा. फोन खरोखर शेजारीच आहे ना, हे ब्लूटूथ तपासते. त्यामुळे दूरवरच्या भामट्याने पाठवलेला क्यूआर चालत नाही.

मग अडते कुठे?

दाखला वॉलेटमध्ये येण्याच्या वाटेवर. विद्यापीठाला पदवी प्रमाणपत्र वेबसाइटवरून द्यायचे तर सहसा खास लिंक वापरावी लागते. ती कोणते अ‍ॅप उघडेल याचा नेम नसतो. एखाद्या बनावट अ‍ॅपने त्याच लिंकवर हक्क सांगितला, तर दाखला त्याच्या घशात जाऊ शकतो. ब्राउझर मध्ये आला तर वॉलेट वापरकर्ता स्वतः निवडेल. त्यासाठीचा ‘ओपनआयडी फॉर व्हीसीआय’ हा प्रोटोकॉल सप्टेंबर २०२५ मध्ये अंतिम झाला; क्रोममध्ये चाचणीही सुरू झाली. सफारी २६ मात्र आयएसओच्या ‘एमडॉक’ पद्धतीचीच मागणी घेते, त्यामुळे इतर पद्धतीने दिलेली पदवी तिथे दाखवताही येत नाही.

देखभालीकडे तर फारसे कुणाचे लक्षच नाही. दाखला फोनच्या चिपमधील किल्लीशी बांधलेला असेल, तर फोन हरवल्यावर बॅकअप कामाचा नाही. दाखला पुन्हा मागावा लागतो. मुदत संपणे, रद्द होणे हा व्यवहारही दाखला देणारी संस्था आणि वॉलेट यांच्यातच उरकतो, ब्राउझरला त्याचा पत्ता नसतो.

फायरफॉक्सवाल्या मोझिलाचा या मानकालाच विरोध आहे. ओळखपत्र मागणे एका क्लिकवर आले तर गरज नसलेल्या साइटही ते मागू लागतील, ही भीती उडवून लावण्याजोगी नाही. आज स्कॅन करा, अपलोड करा ही कटकटच अनेक साइटना रोखते. कमी माहिती देण्याची सोय असली, तरी कमी मागण्याची सक्ती ब्राउझर करत नाही.

युरोपीय संघातील प्रत्येक देशाला २०२६ अखेर नागरिकांना डिजिटल वॉलेट द्यायचे आहे.