वाणात हळद, ताटात हळद

पौष महिना लागला, की शहरांतील बाजारपेठांत वाणाच्या वस्तूंचे ढीग दिसू लागतात. प्लास्टिकचे डबे, चाळण्या, किल्ल्या अडकविण्याच्या पट्ट्या. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते, वाण लुटले जाते आणि त्यातील बऱ्याच वस्तू पुढल्या वर्षी दुसऱ्याच घरी वाण म्हणून पोहोचतात. ज्या समारंभाचे नावच हळदीवरून पडले, त्यात हळद असते ती चिमूटभर. ती कोठून आली, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

ती हिंगोली जिल्ह्यातून आलेली असणे सहज शक्य आहे. पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांमुळे वसमत तालुक्यात ऊस आणि हळद ही बागायती पिके रुजली. कुरुंदा हे याच तालुक्यातील मोठे गाव. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी वर्धा जिल्ह्यातील वायगाव आणि नंतर सांगली येथील हळदीला ते मिळाले होते. राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटनही १४ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे नेमके संक्रांतीच्या दिवशीच झाले. मंडळाचे मुख्यालय मात्र तेलंगणातील निजामाबादला गेले.

युरोपात नाताळच्या भेटींत लॅव्हेंडरच्या वाळलेल्या फुलांची कापडी पुरचुंडी असते आणि तीच फुले बिस्किटांतही पडतात. जम्मू भागातील भदरवाह येथे हे पीक रुजल्यावर २०२२ मध्ये तेथे लॅव्हेंडर महोत्सव भरला. शेतातला सुवास सणाच्या ताटात आणि भेटीत उतरविण्याची ही रीत हळदीला अधिक शोभून दिसेल. मात्र त्यासाठी हळदीचे वेळापत्रक ठाऊक हवे.

मे-जूनमध्ये लावलेली हळद तयार होण्यास आठ-नऊ महिने लागतात. श्रावण-भाद्रपदात तिची पाने हिरवीगार आणि सुगंधी असतात. कोकणात व गोव्यात या दिवसांत पातोळ्या होतात. पानावर तांदळाची पिठी पसरायची, गूळ-खोबऱ्याचे सारण भरायचे, पान दुमडून उकडायचे. मराठवाड्यात हळदीचे एवढे पीक असूनही पानाचा हा सुवास स्वयंपाकघरात फारसा शिरलेला नाही, याचे नवल वाटते. संक्रांतीच्या सुमारास पाला पिवळा पडून वाळू लागतो. मग काढणी होते, कंद शिजविले जातात, पंधरवडाभर उन्हात वाळतात आणि ढोलात घासून त्यांना झळाळी आणली जाते. चार-पाच किलो ओल्या कंदांतून जेमतेम किलोभर वाळलेली हळकुंडे मिळतात.

याचा अर्थ, संक्रांतीला दुकानात मिळणारी हळदपूड बहुधा मागील हंगामाची असते. त्या दिवसांत खरी ताजी असते ती ओली हळद, आणि तिचे लोणचे हे उत्तम वाण ठरावे. पाव किलो ओली हळद सोलून किसावी. त्यात थोडी आंबेहळद, आल्याचे बारीक तुकडे, हिरवी मिरची, मोहरीची डाळ आणि मीठ घालावे. कीस बुडेल इतका लिंबाचा रस पिळावा. तीन-चार दिवसांत ते मुरते. लहान काचेच्या बरणीत भरून दिले, तर भोगीच्या बाजरीच्या भाकरीबरोबर दुसरे तोंडीलावणे लागत नाही. किसण्यापूर्वी हातांना तेल लावण्यास विसरू नये, अन्यथा हळदीकुंकवाची खूण आठवडाभर बोटांवर राहील.

कुंकवाची कथा आणखी रोचक आहे. जुने कुंकू म्हणजे हळदच. लिंबाचा रस आणि टाकणखार यांत हळकुंडे भिजवून वाळविली, की पिवळा रंग पालटून लाल होतो. हळदीतील कुरकुमिन या द्रव्यावर टाकणखाराची क्रिया होऊन हा बदल घडतो. नंतर ती कुटून वस्त्रगाळ करतात. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवासाठीच ओळखले जाते. आज बाजारात स्वस्त मिळणारी अनेक कुंकवे कृत्रिम रंगांची असतात आणि काहींना त्यांनी कपाळावर खाज सुटते. हळदीचे कुंकू घरी करून डबीत भरले, तर ते हाताने घडविलेले वाण ठरते. टाकणखारामुळे ते पोटात जाऊ देऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

हळदपुडीतील भेसळ तर याहून गंभीर. रंग उठावदार दिसावा म्हणून शिसे असलेले लेड क्रोमेट मिसळले जाते, आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. बांगलादेशात २०१९ मध्ये हा प्रकार उघडकीस आल्यावर कडक कारवाई झाली आणि बाजारातील भेसळयुक्त नमुन्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आले. अखंड हळकुंड पाण्यात टाकून पाहावे. पाणी लगेच गडद पिवळे झाले, तर वरून रंग चढविलेला आहे असे समजावे. म्हणूनच वाण द्यायचेच तर पुडीपेक्षा पाच अखंड हळकुंडे द्यावीत. सुती पुरचुंडीत बांधली, की ती वर्षभर टिकतात आणि त्यात लपवाछपवीला जागा कमी उरते. शेतकरी गट किंवा बचत गट यांच्याकडून ती थेट घेतल्यास मधल्या साखळीतील पैसा गावात राहतो.

हे वाण कोणाला द्यायचे, हाही प्रश्न आता विचारला जाऊ लागला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. लोणच्याच्या बरणीला सवाष्ण आणि विधवा हा भेद कळत नाही. घरच्या हळदीकुंकवात तो पाळायचा की नाही, हे यजमानीणबाईंच्या हाती असते.

नव्या हंगामाची पूड हवी असेल, तर मात्र चैत्रापर्यंत थांबावे. तोवर हळकुंडे वाळून बाजारात आलेली असतात आणि चैत्रगौरीचे हळदीकुंकू सुरू होते. त्या वेळच्या कैरीच्या डाळीवर पडणारी फोडणी त्याच वर्षीच्या हळदीची असू शकते.